तार्मोचा स्वतंत्र फोन

तार्मो यलिकोस्कीने बावीस वर्षं औलू शहरातल्या एका कंपनीत फोन तपासले, आणि कंपनी बुडाल्यावर ते उचकटायला घेतले. फोन म्हणजे आपण पैसे देऊन खिशात पाळलेला हेर, असं त्याचं ठाम मत. म्हणून जुन्या फोनमधलं कंपनीचं सगळं पुसून त्याने त्यात संगणकावर चालणारं लिनक्स घातलं. आता तो खिशातला खराखुरा संगणक झाला. काळ्या पडद्यावर हव्या त्या आज्ञा लिहाव्यात, हवे ते प्रोग्रॅम चालवावेत. फक्त फोन लागायचा नाही.

"फोन लागणं ही गौण बाब आहे," तार्मो म्हणायचा.

"मग लोणचं घाल त्याचं," बायको इर्या म्हणायची.

गावच्या शिकार मंडळात त्याला मान होता तो रिप्सामुळे. ही त्याची करडी कुत्री एल्क हरणाला गाठून, भुंकून जागेवर थोपवायची. तिच्या गळपट्ट्यातल्या जीपीएसमुळे ती कुठे आहे ते ॲपवर सगळ्यांना दिसायचं. तार्मोने ते बंद केलं. "माझी कुत्री कुठे फिरते ते कंपनीला कशाला?" म्हणत त्याने तिची जागा फक्त आपल्याच फोनवर दाखवणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला.

मंडळाची प्रमुख केर्तू सत्तरीची आणि फटकळ. शिकारीच्या दिवशी पहाटेच तिने बजावलं, "आज घोळ घातलास तर रिप्सा माझ्याबरोबर, आणि तू सूप ढवळत पातेल्याशी. कळलं?"

कुत्रीमागचा माणूस त्या दिवसाचा राजा असतो, आणि एरवी गावात तार्मोला विचारतो कोण!

सकाळी रिप्सा जंगलात शिरली. वॉकीटॉकीवर केर्तूने विचारलं, "कुठंय ती?"

तार्मोने फोनवरचा नकाशा पाहिला. रिप्सा बलुचिस्तानच्या वाळवंटात होती.

चूक त्याला लगेच उमगली. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली होती. शहाण्या माणसाने आकडे उलटे वाचून जागा सांगितली असती. पण तार्मोला प्रोग्रॅम बरोबर हवा होता. तो ओंडक्यावर बसला, हातमोजे काढले आणि मान खाली घालून टाइप करू लागला.

"तार्मो, कुठंय?"

"दोन मिनिटं! मुळातूनच दुरुस्त करतोय."

"अरे, भुंकणं तरी ऐकू येतंय का?"

"येतंय ना! त्यानंच तर लक्ष लागत नाही!" त्याने टोपी कानांवर ओढली.

वीस मिनिटांनी नकाशा सुधारला. रिप्साचा लाल ठिपका आणि त्याचा निळा ठिपका एकमेकांवर बसले होते. तो आनंदाने वॉकीटॉकीवर ओरडला, "चाललं! बिनचूक दाखवतंय! माझ्यापाशीच आहे ती!"

त्याने मान वर केली. दहा पावलांवर शेवाळात मोठाल्या खुरांचे ताजे ठसे होते. भुंकून भुंकून घसा बसलेली रिप्सा त्याच्यासमोर बसली होती.

"आणि एल्क?" केर्तूने विचारलं.

"गेला."

"कुठल्या बाजूला?"

"ते... मी बघितलं नाही."

झाडांपलीकडून केर्तूची शिट्टी आली. रिप्सा उठली, अंग झटकलं आणि मागे न बघता तिकडे निघाली. तार्मो पडद्याकडे बघत राहिला. लाल ठिपका निळ्यापासून लांब लांब जात होता, अगदी बिनचूक.