मांडूळ घेणारा माणूस

शुद्धलेखन चुकलं, अक्षर वेडंवाकडं आलं तर माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

तो माणूस वाटूरच्या बाजारात दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मांडूळ घरात ठेवलं की गुप्तधन सापडतं असं लोक समजतात, आणि त्या सापाला वजनावर भाव देतात. शेतात सापडलं तर त्यालाच द्यायचं, म्हणून त्यानं मला हजार रुपये आगाऊ दिले होते. ते पैसे दवाखान्यात गेले.

कापूस खुरपताना मांडूळ सापडलं. निरोप धाडला, तसा तो आला. लेकराचं तोंड पुसावं तशी त्यानं रुमालानं त्याची माती पुसली आणि ते पिशवीत घालून काट्याला टांगलं.

"वजन कमी भरून राह्यलं, ताई." त्यानं खिशातून सायकलचे छर्रे काढले, सापाचं तोंड उघडलं. "घे रे बाळा."

"मरंल की ते!" मी म्हटलं.

"मरंल ना. पण विकल्यावर."

मी साप ओढून घेतला आणि बांधाच्या बिळात सोडला. तो माणूस ओरडला नाही.

"मंग पैसे बराबर वापस द्या."

मजुरीतून दर बाजारी थोडे थोडे दिले. काल सगळे फिटले. नोटा ठेवायला त्यानं खिशात हात घातला, तेव्हा आत छर्रे वाजले.