सशाचं सोवळं

सासरी आले तेव्हा माहेरचं जिवंत असं एकच माझ्याबरोबर होतं, एक पांढरा ससा. वडिलांनी तो वसईहून आणला होता. नारायण पेठेतल्या आमच्या सासरच्या घरी मागच्या पडवीत त्याचा बांबूचा पिंजरा ठेवला. मी तेव्हा जेमतेम लुगडं सांभाळण्याच्या वयाची.

माहेरी गरीब गाय असलेला हा प्राणी इथे मात्र फार बिघडला. पिंजऱ्यात हात गेला की घुरघुरायचा, मागचा पाय आपटायचा, अंगावर धावून यायचा. एका सकाळी तो सासूबाईंच्या बोटाला कडकडून चावला.

"सशाचं काळीज म्हणतात ते हेच का?" बोटाला हळद दाबत त्या म्हणाल्या. "माहेराहून आणखी काय आणलं असशील तर आत्ताच सांगून ठेव."

एकादशी झाली की ससा पर्वतीच्या पायथ्याशी सरकारी शिकारखान्यात द्यायचा, असं ठरलं. तिथे चित्ते होते, आणि चित्ते काय खातात ते मला ठाऊक होतं.

मग मी पडवीतच बसू लागले. अंगणात सोडला की हाच ससा मुकाट हात फिरवून घेई. भांडण फक्त पिंजऱ्यात. आमच्या घरची स्वच्छता पेठेत नावाजलेली, म्हणून सासूबाई रोज पहाटे त्याचं सगळं गवत काढून टाकायच्या आणि खाली शेणाने सारवायच्या. मग तो दिवसभर एकेका बांबूला हनुवटी घाशीत बसे, जागेला पुन्हा आपला वास लावीत. पहाटे पुन्हा सारं पुसलं जाई.

अशातच एक दिवस स्वयंपाकघरात माझा पदर सासूबाईंना लागता लागता राहिला. त्या सोवळ्यात होत्या. "लांब हो, शिवशील," म्हणत त्यांनी पाय आपटला. मला हसू फुटलं.

"हसायला काय झालं?"

खोटं सुचेना. "सासूबाई, त्याचंही सोवळंच आहे. आपण रोज त्याची जागा विटाळतो, म्हणून तो अंगावर येतो."

त्या भाजी ढवळायला वळल्या. "म्हणजे मी आणि ससा एकाच पंक्तीला," एवढंच म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजरा सारवला नाही. जुनं गवत थोडं तसंच ठेवलं, हात आत न घालता दारापाशी हरळी टाकली. एकादशी आली नि गेली. शिकारखान्याचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे एकदा सासूबाई सोवळं नेसून पडवीत डाळ निवडत होत्या. ससा आपणहून बाहेर आला, त्यांच्या निऱ्यांवर बसला आणि त्यांच्या अंगठ्याला हनुवटी घासू लागला. आत चुलीवर आधण चढलेलं. मी त्याला उचलायला धावले, तर त्यांनी हात वर केला.

"राहू दे. घाबरेल तो. स्नान काय, पुन्हा करीन."

मी तिथेच उभी राहिले. त्या घरात आल्यापासून मी कुणाच्या कुशीत बसले नव्हते.

"आता शिवाशीव झालीच आहे," त्या डाळीकडे बघत म्हणाल्या, "तर तूही ये, बस जवळ."