येत्या रविवारची झोप

आमच्या शेजारच्या बाईंनी जितक्या ठिकाणी झोप काढली असेल, तितक्या ठिकाणी अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणी काढली नसेल. चौथीत त्यांनी मला शिकवलं. पाळी बंद झाली तेव्हापासून त्यांची रात्रीची झोप जी उडाली ती उडालीच, आणि दिवसा त्या ती वसूल करतात. जिंतूरच्या एसटीत कंडक्टरच त्यांना उठवतो. एका बारशात तर बाळ टक्क जागं आणि पाळण्याची दोरी धरलेल्या बाई घोरत होत्या. कुणी हसलं की म्हणणार, "झोपले कुठं? डोळे मिटून ऐकायलते!" आणि रोज सकाळी पायरीवर बसून गल्लीतल्या प्रत्येकाला दरडावून विचारणार, "झोप झाली का?"

मध्यंतरी त्यांची साखर काही केल्या उतरेना. बाईंना सुईची भलती धास्ती. डॉक्टरीणबाईंनी रोजची झोप वहीत लिहून आणायला सांगितली होती, म्हणून बुधवारी मी त्यांना स्कुटीवरून घेऊन गेले. वही देखणी होती. लाल शाईची समासरेघ, आणि रोज आठ तास झोप.

"झोप एवढी छान असून साखर चढते, म्हणजे आता इन्सुलिनचा विचार करावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. "बाई, आज बुधवार ना? येत्या रविवारची झोपही लिहून झाली?"

जन्मभर बाईंनी पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं त्याचं टाचण आधीच लिहून ठेवलं होतं. झोपेचंही त्यांनी तसंच केलं होतं.

"येईनाच हो झोप," बाई हळूच म्हणाल्या. "घामानं भिजून उठते, मग गूळ-शेंगदाणे खात बसते. हे काय सांगायसारखं हाय का? अन् कुणी इचारलं बी न्हाई."

"हेच तर सांगायचं! झोप मोडली की साखरही बिघडते, त्यात हा रात्रीचा गूळ. आधी झोपेचं बघू. सुईचं नंतर."

बाई सुटल्यासारख्या हसल्या. मला मात्र फार लाज वाटली. रोज सकाळी त्यांच्या प्रश्नाला "झाली, झाली" म्हणत मी पुढे निघून जात होते.

दुसऱ्या दिवशी मीच आधी विचारलं, "बाई, झोप झाली का?"

त्या आत जाऊन वही घेऊन आल्या. "तीनच तास," पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "पण खरे लिहिलेत."