काचबिंदूची लेन्स आणि आमची लॅब

आमच्या लॅबमध्ये आठवड्याला चार लेन्स तयार होतात आणि किस्से मात्र रोज! वहीत लिहून ठेवले असते, पण वही माझे गाईड सर तपासतात.

काम तसं साधं. काचबिंदूवाल्यांच्या डोळ्यात प्रेशर वाढतं. रोज थेंब घालायचे असतात, पण लोक विसरतात, नाहीतर थेंब गालावर जातो. म्हणून औषधात भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची, औषध दिवसभर हळूहळू झिरपत राहतं. किती झिरपतं ते मी मोजते. निपाणीहून बेळगावात पीएचडीला आले, ती यात अडकले.

*

आधी लेन्स बाटलीत टाकून तपासतात. बाटलीत कोमट खारं पाणी, अगदी अश्रूंसारखं. मी लेबल लावलं, ‘कृत्रिम अश्रू’. आमचे अटेंडंट मारुतीअण्णा मच्छे गावचे. चष्मा वर करून त्यांनी ते वाचलं.

"म्हंजे खोटं व्हय हे? आमच्या घरला या की! सिरियल लागली की आमची मंडळी बादलीभर खरं देत्यात!"

*

पुढं बकऱ्याचे डोळे लागले. औषध डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून आत जातं का, ते बघायला. खडेबाजारात मटणवाल्याला म्हटलं, "फक्त डोळे द्या, ताजे."

"ताई, मुंडी घ्या की पुरी. डोळ्यात काय भागतंय?"

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन पिरनवाडीच्या बसमध्ये बसले. शेजारच्या आजीनं विचारलं, "डब्यात काय गं?"

"डोळे."

"कुणाचं?"

"बकऱ्याचे."

आजी उठून पुढच्या सीटवर गेली. दोन स्टॉप गेले, तशी परत आली.

"सुक्कं करतीस का रस्सा?"

*

मग एक चमत्कार झाला. बाटलीतलं औषध तासातासाला वाढायला हवं. आमचं अकरापर्यंत वाढायचं आणि अकरानंतर एकदम गायब! आठवडाभर तेच. सर म्हणाले, "लेन्स औषध परत पिते की काय?" खूश होऊन त्यांनी रिसर्च पेपरचं नावसुद्धा ठरवलं!

मी अकराला दाराआड उभी राहिले. मारुतीअण्णा आले आणि त्यांनी सगळ्या बाटल्यांतलं पाणी बदललं.

"अण्णा, हे काय?"

"शिळं पाणी कशाला ठेवायचं? पिण्याचं पण मीच बदलतोय की!"

*

शेवटी माणसांवर तपासायला कमिटीची परवानगी मिळाली आणि पहिली पेशंट आली, वडगावची सुमनआक्का. घरी पॉवरलूम, साड्या विणतात. एका डोळ्यात औषधाची लेन्स, दुसऱ्यात साधी. डॉक्टर मॅडमनी समजावलं, "औषध कुठल्या डोळ्यात आहे, ते तुम्हाला सांगणार नाही. आम्हालाही माहीत नाही."

"मग कुणाला म्हाईत?"

"बंद पाकिटात लिहून ठेवलंय."

"म्हंजे पाकिटाला म्हाईत आन् डॉक्टरला न्हाई!"

दर तासाला प्रेशर मोजत होतो. सरांची चार वर्षं त्या दोन डोळ्यांवर अवलंबून होती. बारा वाजता सर ओरडले, "उजवा उतरला! डावा आहे तिथंच!" मारुतीअण्णांनी सगळ्यांना चहा आणला.

संध्याकाळी मोजलं, तर डावाही उतरलेला!

सरांनी पाकीट फोडलं. औषध उजव्या डोळ्यात. मग डावा कसा उतरला? सरांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. मॅडमनी हळूच विचारलं, "आक्का, लेन्सला हात लावलात?"

"व्हय. जेवल्यावर हात धुऊन अदलाबदल केली."

"अहो, पण तुम्हाला काढता कशी आली?"

"तुटका धागा जोडणारी बोटं हाईत ही, मॅडम. तेवढं जमतंय."

सर पुढं आले. "पण का?"

"सर, दोन्ही डोळं माझंच न्हवं? सकाळधरनं एकालाच औषध, आन् दुसरा आपला नुसताच बघतोय. बरं दिसतंय का ते?"