बॅटरीची तहान

दसऱ्याला गाडीचं बोनेट उघडलं. हारातल्या झेंडूत ऑइलचा वास मिसळला आणि दारव्ह्याचं अंगण आठवलं.

तेव्हा बॅटरीची झाकणं काढून बाबा डिस्टिल्ड वॉटर आणायला घरात गेले होते. तेवढ्यात आईनं पूजेच्या तांब्यातलं कुंकवाचं पाणी आत ओतलं.

"बॅटरी गेली ना!" बाबा ओरडले.

"देवाले चालते, तिले काहून नाही चालत?"

मी पोट धरून हसलो होतो.

आज आई पुन्हा तांब्या घेऊन हजर. या सीलबंद बॅटरीला पाणी लागतच नाही, हे सांगून माझा घसा कोरडा पडला.

"तहानलेली ठेवतं का तिले?"

बाबांनी काय सोसलं, ते कळलं. वैतागून वायपरच्या पाण्याची टाकी उघडली. "ओत इथं!"

संध्याकाळी सोनं द्यायला निघालो. धुळीसाठी वायपरचं पाणी मारलं आणि अख्खी काच लाल झाली.

शेजारी आईनं हात जोडले.