गाडीच्या रेडिओतली खरखर

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता भिवंडीतल्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब लिहिले. लेख कसा लिहितात हे अजून नीटसं कळलेलं नाही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "काका, एखादा तपास लिहून काढा, फक्त कुणाची नावं घालू नका." म्हणून हे धाडस. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

एक प्रकरण अजून मनातून जात नाही. निवृत्तीच्या थोडं आधीचं. टेमघरला राहणारी एक बाई धाकट्या भावाला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती भावाकडे राहत होती आणि मानकोलीच्या एका गोदामात पॅकिंगच्या कामाला जात होती. तिची तक्रार अशी की ती जाईल तिथे नवरा येऊन उभा राहतो. जवळ येत नाही, हात लावत नाही. रस्त्यापलीकडून नुसता बघतो. आदल्या दिवशी मात्र तो पहिल्यांदा बोलला होता. "तुझं तोंड कुणाला दाखवण्यासारखं ठेवणार नाही," एवढंच.

"साहेब, त्याला कळतं कसं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "भाऊ मला गाडीतून सोडतो. रोज रस्ता बदलतो. कोन गावाला मावशीकडे गेलो, तर तिथं पण हजर. जायचं ते फक्त घरात बोललो होतो."

घाबरलेली माणसं बहुतेक वेळा मोठ्याने बोलतात. ही इतकं हळू बोलत होती की ठाणे अंमलदाराला लिहिता लिहिता दोनदा विचारावं लागलं. बोलताना नजर दाराकडे.

गुन्हा नोंदवला आणि नवऱ्याला बोलावून घेतलं. तो लूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"रस्ता सगळ्यांचा आहे साहेब. मी उभा पण नको राहू का?"

"बायको जाईल तिथंच बरा उभा राहतोस."

"नशीब म्हणायचं."

मोबाइल त्याने मागायच्या आधीच टेबलावर ठेवला. त्यात काही सापडलं नाही. समज देऊन सोडावं लागलं. तो जिना उतरताना शीळ घालत होता, ते मला अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर त्या भागाच्या बीटच्या हवालदाराला एका चहावाल्याने टीप दिली. घरातली भावजयच खबर पुरवते. नणंद घरात नको झाली आहे तिला. टीप पटण्यासारखी होती. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावत नाहीत, म्हणून महिला शिपायाला घेऊन आम्ही टेमघरला गेलो.

भावजय कणीक मळत होती. हात न धुताच समोर येऊन उभी राहिली.

"मी सांगते होय त्याला? साहेब, या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा. शेजारी विचारा. मला नणंद नको असती तर तोंडावर बोलले असते, चोरून कशाला?" मग आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही का गप? बोला की. तुम्हाला पण तसंच वाटतंय ना?"

भाऊ खाली मान घालून बसला. बाई आतल्या दारात उभी होती. ती भावजयीकडे बघत नव्हती. त्या घरातलं वातावरण बघून मला काळजी वाटली. भावजयीवरचा संशय असाच राहिला असता, तर या बाईला तेही घर सोडावं लागलं असतं. मग ती पूर्ण एकटी पडली असती, आणि नवऱ्याला तेच हवं होतं.

जबाब घेऊन झाल्यावर भावाला म्हणालो, "तो कुठं कुठं उभा राहतो त्या जागा दाखव." त्याच्या गाडीतून निघालो. जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली गाडी. रेडिओ चालू होता, पण गाण्यापेक्षा खरखरच जास्त.

"एरियल गेली का?" मी विचारलं.

"न्हाय साहेब, नवीन टाकली. घेतली तेव्हा चांगला वाजायचा. मध्येच असा झाला."

मी काही वर्षं वायरलेस विभागात काढली आहेत. खरखर ऐकली की हात शिवशिवतात. गाडी बाजूला घ्यायला लावली. एरियल हलवून पाहिली, घट्ट होती. सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर काढला, कारण स्वस्त चार्जर रेडिओला त्रास देतात. फरक पडला नाही. इंजिन बंद केलं, तरी खरखर तशीच. शेजारी एक टेम्पो उभा होता, त्याच्या रेडिओवर तेच स्टेशन स्वच्छ लागलेलं. म्हणजे दोष हवेतला नव्हता, इंजिनचाही नव्हता. गाडीतच काहीतरी होतं, जे इंजिन बंद असतानाही वीज खात होतं.

"हा रेडिओचा टेप बाहेर काढून बघू," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या साहेब. जुनी गाडी हाय."

रेडिओ दुरुस्त करायला माणूस नको म्हणत नाही. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम होता.

पंच बोलावले. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने टेप बाहेर ओढला. मागे एरियलच्या वायरला चिकटून एक काळी डबी होती, टेपच्याच वायरमधून जोड घेतलेली. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर कळवणारी. दुकानदार अशी डबी चिकटपट्टीने नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात. ही सुताच्या धाग्याने बांधलेली होती, आणि गाठ लूमवाल्यांची होती, तुटलेला धागा जोडताना मारतात ती, बारीक आणि चपटी. माझे वडील लूमवर होते. ही गाठ मी लहानपणापासून बघत आलो आहे.

पंचनामा उरकला. मग मी भावाला बाजूला नेलं.

"गाडी तुझ्या दाजीकडे कधी दिली होतीस?"

तो चपलेने माती उकरत राहिला.

"दाजींनी बोलावलं होतं मानकोलीला, हॉटेलात. रडले. म्हणाले, तुझ्या ताईला नांदवायचीय. मला वाटलं मिटतंय. म्हणाले, गाडी जुनी घेतलीस, दे, वळखीच्या गॅरेजला दाखवून आणतो. संध्याकाळी परत दिली. धुऊन दिली साहेब."

"घरात का नाही सांगितलंस?"

"ताई बोलली असती, तू त्याला भेटलासच कसा." मग अगदी खालच्या आवाजात, "रेडिओ त्याच्यानंतर बिघडला, ते ध्यानात होतं माझ्या. पण दाजी असं करतील, हे मनाला मानवंना."

बायकोवर आळ येत असताना तो गप्प का राहिला, ते आता कळलं. नवऱ्याला अटक केली तेव्हा त्याच्याकडे दुसरा मोबाइल मिळाला. डबीचं लोकेशन त्यावर येत होतं. चहावाला त्याच्याच कारखान्यात चहा पोचवायचा. भावजयीविषयीची टीप नवऱ्यानेच त्याच्याकरवी पेरलेली निघाली.

पण तपास लागला म्हणून भीती संपत नाही. त्याला जामीन मिळाला. बाई जिल्ह्याबाहेर निघून गेली, कुठे ते मी मुद्दामच विचारलं नाही. मी निवृत्त झालो. वर्तमानपत्रात बाईवर हल्ल्याची बातमी दिसली की आधी गाव वाचायचो, मग वय.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. घरातली गोष्ट बाहेर गेली की आपण घरात वैरी शोधतो. पुष्कळदा तिथे वैरी नसतो. चांगलं व्हावं म्हणून कुणीतरी गुपचूप केलेली एक गोष्ट असते, आणि ती सांगायची त्याला लाज वाटत असते. त्याला ओरडून विचारलं तर तो आणखी मिटतो.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखला, ती भावजय होती. नंबर ठाण्यातून मिळवला म्हणाली.

"साहेब, त्याला शिक्षा झाली. आणि ताई आल्यात आमच्याकडे, स्वतःहून. जेवल्या आणि दुपारी बाहेरच्या खोलीत झोपल्या. दार सताड उघडं. मी लावायला गेले, तर म्हणाल्या, राहू दे गं, वारा येतोय."

मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"अजून झोपल्यात," ती हळूच म्हणाली, आणि फोन ठेवला.