तिसरं वाचन

नी चांगफू हा फूचौच्या दक्षिण दरवाजाबाहेरचा तांबट. चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्याच्या कानांना कायमचे दडे बसले होते आणि ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती. भिंतीला कान असतात म्हणतात. नीच्या घरात शाबूत कान म्हणायचे तर भिंतीचे आणि बायकोचे.

अडतिसाव्या वर्षापर्यंत त्याला अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलेलं तो तसंच्या तसं भांड्यावर कोरायचा. एकदा लग्नाच्या तबकावर त्याने आख्खी ओळ उलटी कोरली आणि वरपक्ष तबक हातात धरून पोट धरधरून हसला. त्या दिवसापासून भात्याशेजारी पुस्तक आलं. पहाटे उठून धडा, मग ठोकाठोकी, मग पुन्हा धडा. दहा वर्षांनी तो कविता जुळवायला लागला, तेव्हा गल्लीने त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं होतं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे काव्यसभेत वेळ मोजायची जुनी रीत आहे. पेटत्या उदबत्तीला दोरा बांधायचा, दोऱ्याला नाणं आणि खाली तांब्याचं तबक. दोरा जळला की नाणं टण्णकन पडतं आणि लिहिणं थांबवावं लागतं. नीने घरी तसाच सरंजाम मांडून रोज सराव केला. बायको शिउजिन म्हणायची, त्या टण्णने माझी झोप नासली. पुढे त्यालाच तो आवाज येईनासा झाला. मग तो उदबत्तीवर डोळे लावून बसू लागला.

खरी धाकधूक त्यापुढची. ओळी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांवर नाव नसतं. आतल्या खोलीतले परीक्षक निवडतील त्या ओळी वाचक सभेत तीनदा गाऊन वाचतो, आणि तिसरं वाचन संपायच्या आत कवीने उठून आपलं नाव सांगायचं. नाही सांगितलं तर चिठ्ठी बाद. दुसऱ्याच्या ओळीला आपलं नाव सांगणं म्हणजे तर चोरीच. एका कापडवाल्याने घाईत तसं केलं होतं, तो पुन्हा सभेच्या रस्त्यानेही गेला नाही. शिवाय दहा वर्षांत ज्याची एकही ओळ निवडली जात नाही, त्याचं आसन जातं. नीचं सभेतलं हे दहावं वर्ष होतं.

दोन वर्षं शिउजिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, अक्षरओळख नसताना, त्याच्या पाठ झालेल्या ओळी म्हणायची आणि तो तिच्या ओठांवरून ओळखायचा. अधूनमधून ती हातवारे करून सांगायची, "हळू बोला हो. घरातलं मीठ संपलं हेसुद्धा गल्लीला कळतं." त्याला वाटायचं, बाईला उगीच खोड काढायची सवय आहे.

सभेच्या दिवशी दुपारी तो मंदिराच्या ओवरीत बसला. शेजारी पाठशाळेतले वेंग मास्तर होते. विषय निघाला अभ्यासाचा: सात शब्दांच्या दोन ओळी, एकीत पुस्तक, दुसरीत हात. दरवर्षी तो चंद्र आणि ढग उसने आणायचा. आज घाबऱ्या डोक्यात ते शिरेनात; आपलं दुकानच दिसत राहिलं. नाणं पडायच्या आत त्याने लिहून टाकलं:

पुस्तक मिटले तरी त्याच पानावर बोट राहिले;
हात थकले तरी पत्र्याने हळूहळू वळण घेतले.

वाचन सुरू झालं. एक चिठ्ठी झाली, दुसरी झाली, त्यांचे कवी उठून नाव सांगून खाली बसले. तिसरीला वाचकाने तोंड उघडलं आणि सगळी सभा वळून नीकडे बघू लागली.

ह्यांना कळलं, मी बहिरा आहे हे कळलं. की नाणं पडल्यावरही माझा हात चालू होता? की ती ओळ माझीच? तो वाचकाच्या ओठांकडे बघायला गेला, तर मध्ये कुणाचं तरी डोकं आलं. पहिलं वाचन गेलं. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी येऊन ओठ पुसट झाले. उठावं तर चोर ठरायची भीती आणि बसावं तर दहा वर्षं मातीत. पळून जावं असंही त्याच्या मनात आलं.

तिसऱ्या वाचनाला त्याने बाहीने डोळे पुसले आणि वाचकाच्या ओठांबरोबर आपली ओळ मनात म्हणू लागला. पुस्तकावर ओठ जुळले. बोटावर जुळले. पत्र्यापर्यंत तो अर्धा उठला होता. शेवटच्या शब्दाआधी त्याने इतक्या जोरात नाव सांगितलं की दारातली कबुतरं उडाली.

माणसं माना डोलावत होती. आसन राहिलं होतं. तो मटकन खाली बसला, तेव्हा वेंग मास्तरांनी त्याच्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. नीने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, नेहमीसारखी मनातल्या मनात, ती वाचली.

"काका, जुळवताना तुम्ही मोठ्याने बोलता. तीन वर्षं सगळी सभा तुमच्या ओळी ऐकते आहे. आतापर्यंत काही बोलावं असं त्यात नव्हतं. आज मात्र ऐकलं आणि माझी चिठ्ठी मी बाहीतच ठेवली. हे कुणाला सांगू नका."

त्याने मान वर केली. सगळी सभा हसत होती आणि वेंग मास्तर तोंडावर बाही धरून बसले होते.